जीपचे दोन क्रॉस

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार

शेवटी खोललाच! दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या तं गोविंदानं जीप अंगणात दगडावर चढवली अन् इंजिनाचा जोर मागच्या चाकाले नेणारा खालचा लांब शाफ्ट काढून ताडपत्रीवर ठेवला. दोन्ही टोकाचे क्रॉस, म्हणजे शाफ्टचे लोखंडी सांधे, गेले म्हणे. मी आषाढापासून सांगून राह्यली — गिअर टाकला की खाली कट् वाजते. पण लेक म्हणे, "माय, तुले गाडीतलं काय समजते?" तीस वर्षं जीपमधी याच्या बापाच्या बाजूले बसली, मले नाई समजत. मोबाईलवरच्या व्हिडिओतल्या माणसाले समजते!

सहा तारखेले शाळा उघडते. गावातल्या सहा पोरी मेहकरले न्यायच्या, त्यात आपली नात काजल. जीप उभी राह्यली तं नारायणराव गाडी घेऊन टपूनच बसला हाये. एकदा पोरी त्याच्याकडं गेल्या की गेल्या.

३० सप्टेंबर

दिवसभर ठणठण. जुना क्रॉस निघता निघेना. तं यानं माह्या खलबत्त्याचा लोखंडी बत्ता उचलला! स्वतःचं बोट ठेचलं अन् फुंकत बसला. म्हटलं, बोट राहू दे, बत्ता धुऊन दे. मिरची कुटतो आम्ही त्यानं.

दिवेलागणीले दोन्ही क्रॉस निघाले एकदाचे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्याराची पूजा. जीप तं उघडी पडली, मंग शाफ्टचीच पूजा. पण काळाकुट्ट, तेलकट — देवापुढं असा ठेवतात? राख अन् साबणाचा चुरा घेतला, नारळाच्या शेंडीनं घासला. जरा ओढला तं मधातून दोन तुकडेच झाले, एकात एक सरकवलेलेच होते! आत केवढी घाण. तेही घासलं. चकाचक! मंग हळद-कुंकू, झेंडू. बाजूले पान्हे, हातोडी, बत्ता. काजलनं मोबाईलवर फोटो काढले.

गोविंदा नवे क्रॉस घेऊन मेहकरवरून आला अन् शाफ्टकडं पाहून उभाच राह्यला. म्हटलं, काय पाह्यतं? उद्या सोनं वाटेपर्यंत हात नाई लावायचा. हातातले क्रॉस ठेवले अन् आत गेला. याले पूजेचंही काई वाटत नाई.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून झाल्यावर बसला. नव्या क्रॉसच्या कटोरीत बारीक बारीक सुया असतात. एक आडवी पडली की कटोरी बसत नाई. तीनदा ठोकली, तीनदा काढली. शेवटी मीच ग्रीस लावून एकेक सुई उभी केली. डोळ्याचं ऑपरेशन झालेली मी!

३ ऑक्टोबर

गोविंदानं दोन तुकडे एकात एक बसवून शाफ्ट चढवला. हिवरा आश्रमापर्यंत चक्कर मारली, मीही बसली. अरे देवा! जरा वेग घेतला की बुडाखाली थरथर, माह्या कवळीचे दात वाजले. कट् गेलं अन् हे आलं! म्हटलं, दोन तुकडे जसे होते तसे बसले नाई. खोलताना खूण केली नव्हती का बे गाढवा? तुह्या बापानं खुणेशिवाय नटसुद्धा काढला नाई कधी!

त्यानं जीप वळवली अन् हळूहळू घरी आणली.

४ ऑक्टोबर

दोनदा उतरवला, दोनदा चढवला. थरथर तशीच. दोनदा गाढव म्हटलं.

सत्यभामाबाई विचारून गेली, "सोमवारी जीप येते का? का नातीसाठी नारायणरावाले सांगू?" तिच्यासमोरच गोविंदा म्हणे, "भंगारात देतो जीप. पुण्याले जातो कंपनीत." म्हटलं, जाय. तिथं तरी खूण कराले शिकवतील.

जेवला नाई.

५ ऑक्टोबर

काजल पूजेचे फोटो दाखवत होती. एक घासायच्या आधीचा निघाला. शाफ्ट काळा, अन् तुकडे जुळतात तिथं आरपार पांढरी रेघ.

"हे काय वं?"

"बाबानं खडू मारला होता ना आजी. खूण."



मोबाईल नेऊन गोविंदापुढं धरला. "या फोटोत क्रॉस धरणारे दोन्ही टोकाचे कान एका रेषेत हायेत. तसं बसव." त्यानं फोटो पाह्यला, शाफ्ट पाह्यला, पान्हा घेतला. रेघेचं मी बोलली नाई. तोही नाई.

६ ऑक्टोबर, सोमवार

सहाच्या सहा पोरी जीपनंच गेल्या. थरथर नाई.

परत आल्यावर चहा देताना सांगून टाकलं — रेघ मीच घासली.

"माईत हाये. नवमीलेच दिसलं मले."

"मंग एवढे दिवस गाढव म्हणून घेतलं? बोलायचं नाई का बे?"

"बोलू दिलं कधी तू, माय?"

बत्ता पुसला अन् त्याच्या पान्ह्यांच्या पेटीत ठेवला. मिरचीले दुसरा घेईन.