सासूबाईंनी उकळलेली खडी

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,
साष्टांग नमस्कार.

गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? दुकानातली घड्याळं (एकमेकांशी न पटणारी का होईना) चालू आहेत ना? आणि काउंटरवरच्या काचेच्या टाकीतले ते म्हातारे मासे? ती टाकी तुम्ही अजूनही धुतली नसेल, अशी मला मनापासून आशा आहे. (का, ते पुढे येईलच. तूर्त एवढंच, की सगळे नातेवाईक जिला 'गटार' म्हणतात, त्या टाकीबद्दल माझ्या मनात अलीकडे फार आदर निर्माण झाला आहे.)

इकडे आम्ही सगळे मजेत, मासे सोडून. मासे कुठून आले म्हणाल, तर मी गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्स सुरू केलंय. नावाला घाबरू नका. आधी मीही घाबरलो होतो. खाली माशांची टाकी, वर खडीने भरलेला ट्रे, खडीत पालक आणि पुदिना. माती नाही, खत नाही. मासे खातात आणि (मामींना वाचून दाखवत असाल तर पुढचा शब्द गाळा) हगतात. ते पाणी पंपाने वर चढतं, त्यातलं सगळं झाडं फस्त करतात आणि पाणी स्वच्छ होऊन परत खाली येतं. त्याच त्या पाण्यावर भाजीही आणि मासेही! मी हे बायकोला कौतुकाने समजावलं, तर ती म्हणाली, यात नवीन काय, आपल्या घरी वर्षानुवर्षं हेच चाललंय, एकाने घाण करायची आणि दुसरीने निस्तरायची. मी विषय बदलला.

खरी गोष्ट सासूबाईंची. तुम्हाला माहीतच आहे, त्या मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. त्यांची चाहूल लागली की डॉक्टरसुद्धा शर्टाची बटणं लावायचे. निवृत्त होऊन आमच्याकडे आल्या आणि खुर्चीत बसल्या, त्या बसूनच राहिल्या. काय हवं विचारलं की 'काही नको'. भिंतीकडे बघत बसायच्या. मामा, मला ते बघवत नव्हतं. मग एकदा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या, त्या जेवायलाच खाली आल्या, आणि आल्या आल्या मला झापलं, की कोपऱ्यातला तो बारका मासा नीट खात नाहीये, तुमचं लक्ष कुठे असतं? दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ राउंड सुरू. पालकसुद्धा त्यांच्यासमोर ताठ उभा राहायला लागला. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि खापर कांद्यावर फोडलं. (घरात त्या दिवशी कांदा नव्हता.)

आणि मग एक दिवस त्यांना खडीवर तपकिरी, बुळबुळीत थर दिसला. मेट्रनच ती! मी दुकानात चष्मे विकत असताना त्यांनी भाजी अलगद बादल्यांमध्ये काढली, सगळी खडी मोठ्या पातेल्यात घातली आणि ऑपरेशनची हत्यारं उकळावीत तशी खळाखळा उकळली. मी घरी आलो तर ट्रेमध्ये पांढरीशुभ्र खडी झळकतेय! मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. (लोकांना दिवसभर 'आता स्पष्ट दिसतंय का?' विचारणारा माणूस मी.) पुढे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकायला लागले, तेव्हा ज्याच्याकडून हे मासे आणले त्या मासेवाल्याने मला सांगितलं, की तो बुळबुळीत थर हाच सगळ्याचा जीव. त्यात जंतू असतात, आणि माशांच्या घाणीतल्या विषाचं झाडांसाठी खत करतात ते हेच. सासूबाईंनी त्या सगळ्यांना यमसदनी धाडलं होतं. नवे जंतू आपोआप वाढायला कित्येक आठवडे लागतात आणि माशांकडे तेवढी सवड नाही. सध्या थोडं थोडं पाणी बदलतोय, मासे अर्धपोटी ठेवलेत.

सासूबाईंना वाटतंय, साथ आलीय. टाकीशेजारी स्टुलावर बसून असतात. हे त्यांच्यामुळे झालं हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. मासे गेले तर दुसरे आणता येतील, मामा, पण सासूबाई पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसल्या तर त्यांना कुठून आणायचं?

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मासेवाला म्हणतो, जुन्या, कधीच न धुतलेल्या टाकीतले खडे आणि फिल्टरचा स्पंज आणून खडीत मिसळला, तर जंतू लवकर बस्तान बसवतात. मामा, इतकी जुनी आणि खात्रीची घाण आपल्या नात्यात फक्त तुमच्याकडे आहे. कृपा करून पाठवा. लाजेखातर विसळू नका! बादलीत टाकीच्याच पाण्यात भिजवून ठेवा आणि झाकण सैल असू द्या, जंतूंना हवा लागते.

आणखी एक ता. क. बादलीवर 'माशांचं औषध' असं लिहा, आणि उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. हे पत्र सासूबाईंच्याच हाती टपालात टाकायला देतोय. काळजी नको, दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

(हे अक्षर माझं, म्हणजे सासूबाईंचं.) मामांना नमस्कार. पाकीट धड चिकटवलेलं नव्हतं. अर्धवट काम मला बघवत नाही, म्हणून आधी पूर्ण उघडलं, आता नीट चिकटवते. खडीचं मला मासेवाल्याने कधीच सांगितलंय. पण जावईबापूंनी माझ्या त्या पांढऱ्या खडीचं इतकं कौतुक केलं होतं, की त्यांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले. दिवसभर लोकांचे डोळे तपासतात बिचारे, स्वतःला काही दिसत नाही. त्यांना सांगू नका. जन्मभर जंतू मारले, आता थोडे जगवून बघते. घाण पाठवू नका, तुम्ही सांडाल. हे पत्र पोचलं की एक-दोन दिवसांत मीच बादली घेऊन येते. मागच्या खेपेला तुमची टाकी पाहून मी चहा नको म्हटलं होतं. या वेळी घेईन. कप मात्र उकळून ठेवा.