रायमुनियाचे तेहतीस धागे

सर, रायमुनियाच्या रोपांच्या मुळांतले धागे मोजून झाले. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगावं ते कळेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. घरात सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरं झालं. जेवाले वाढू का?" तो बिचारा तरी काय म्हणणार! गुरंही तोंड लावत नाहीत असं जंगलभर माजलेलं घाणेरीचं झुडूप, त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे किती धागे आहेत यावरून हुज्जत घालणारी माणसं ब्रह्मपुरीत दोनच होती. त्यातली एक मी.

कॉलेजातला गॅस संपलेला असायचा, तेव्हा धागे रंगवायचा रंग तुमच्या स्वयंपाकघरात शिजायचा. मी ओट्याशी उभी आहे. तुम्ही ॲसिडात लाल पूड टाकून मंद आचेवर ढवळताय, मधूनच त्यात गंजका खिळा बुडवताय, कारण लोखंडाशिवाय धाग्यांना रंग नीट चढत नाही. घरभर आंबट वास सुटलाय. काकू नाकाला पदर लावून दारातून म्हणतात, "तुमचं लोणचं झालं असंल तं सरका. मले वरणाले फोडणी द्याची आहे." आणि ज्यांना सगळा वर्ग टरकून असतो ते सर निमूट सरकतात. मला तेव्हा हसू आवरायचं नाही.

पहिल्यांदा कळ्या आणायला पाठवलंत तेव्हा मी ओंजळभर टपोऱ्या कळ्या घेऊन आले होते. लहानपणापासून हारासाठी फुलं खुडलेली, हात आपसूक चांगल्या कळीकडेच जायचा. तुम्ही ओंजळीत पाहिलंत आणि म्हणालात, "लग्न आहे का कोणाचं?" कळी टपोरी होईपर्यंत आतल्या पेशींची विभागणी उरकलेली असते, आपल्याला हवी ती मोहरीएवढी, कोणी ढुंकून पाहणार नाही अशी. मग ती काचेवर ठेवायची, टीपकागद घालायचा आणि अंगठ्याने दाबायची. दाब कमी पडला तर धागे एकमेकांवर, जास्त झाला तर काच फुटली. तुमचा अंगठा कधी चुकला नाही.

नाल्याकाठच्या गुलाबी रायमुनियात बावीस धागे निघाले, रस्त्याकडेच्या केशरीत चव्वेचाळीस. अकराचा एक संच धरला तर एकीत दोन संच, दुसरीत चार. इथवर आपलं जमलं. मग मार्कंड्याच्या देवळाच्या वाटेवरच्या एका झुडपात मला तेहतीस दिसले आणि बिनसलं. "केळीत बी पाह्यलं का कवा?" तुम्ही विचारलंत. "तिच्यात तीन संच, जोड्या लागत नाई, म्हणून बी नाई. हे झाड तं फळानं वाकून राह्यलं. तेहतीस कसे येतीन? पुन्हा मोज." मी पुन्हा मोजले. "तेहतीसच येऊन राह्यले, सर." "मंग चष्मा लावून मोज." त्या दिवशी मी रागाने रडले. दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "रुसली काऊन? कळीत गुंता असते. पावसाळ्यात कलमं लावू, मुळावरून मोजू. तू खरी निघाली तं मीच तुले सर म्हणीन." आणि पावसाळ्याआधीच, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही गेलात, कायमचे.

त्यानंतर मी कितीतरी झुडपं मोजली, त्या एका झाडाकडे मात्र फिरकले नाही. यंदा कळलं, गवत वाढावं म्हणून वनखातं त्या बाजूची रायमुनिया मुळासकट उपटणार आहे. पहिल्या जीपने गेले. बाया कुदळी घेऊन आधीच त्या झुडपाशी पोचलेल्या. थांबा, मला याचं बी हवंय, म्हटलं. "जंगलभर हेच माजलं आहे, बाई," त्यातली एक म्हणाली, "तुमाले याचंच बी काऊन पाह्यजे?" मी म्हटलं, माझ्या सरांचं पाहायचं राहिलंय. तिने कुदळ खाली ठेवली. "मंग घ्या न. आमी थांबतो." मी फळं खुडली, फांद्या कापल्या, तोवर त्या सगळ्या सावलीत बसून राहिल्या.

फांद्यांना मुळं फुटली, त्यांत तेहतीस धागे. बिया रुजायला वेळ लागला. पण रुजल्या, सर, आणि रोपांच्या मुळांतही तेहतीसच. जोड्या लागत नाहीत तर नाहीत, या बाईने जोडीविनाच बी धरलं. आईचे तीन संच जसेच्या तसे पोरीत. हिशेबाने जी वांझ ठरायची, तिने निम्मं जंगल भरून टाकलं. तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून किती वेळ हलला नसता, मग मला बाजूला सारून दुसरी काच मागितली असती. पाठीमागे कोणी उभं नव्हतं. मला तुमची इतकी आठवण आली की दिवा बंद करून तशीच बसून राहिले.

तुमच्या घराला आता कुलूप असतं, काकू मुलाकडे गेल्या. हे पत्र टाकायचं कुठे? राहू दे माझ्याकडेच. मी जिंकले, सर. पण खरं सांगते, रोपाची शेवटची पेशी मोजताना बत्तीसवर आले आणि मनातून वाटलं, इथेच संपू दे. तुम्ही बरोबर ठरला असता तर मी अजून तुमची विद्यार्थीच राहिले असते.