माप घेताना कोण बसलं होतं

आबा, आज आमच्या मुलांची गाडी सरळ धावली आणि मला पहिले तुम्हीच आठवलात. पत्र पोचायचं नाही, म्हणजे तुमचं उलट उत्तरही यायचं नाही, तेव्हा सगळं निवांत सांगते.

मी शिकवते त्या कॉलेजात मुलं दरवर्षी शर्यतीसाठी गाडी बांधतात. एकच सीट, उघडी चाकं, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. यंदा चालवणारी मुलगी आहे, ताम्हिणीकडची, वजनानं जेमतेम पंचेचाळीस किलो, पण निडर. आठवडाभर गाडी तिचं ऐकत नव्हती, सरळ रस्त्यावरही डावी-उजवीकडे हुंदडायची. पुढच्या चाकांची तोंडं किंचित बाहेर ठेवली की गाडी पटकन वळते, पण जास्त फाकवली की सरळ चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! मुलं लॅपटॉपवर आकडे तपासत होती, पुन्हा पुन्हा चाकांचं माप घेत होती, आणि माप दर वेळी बरोबर. शेवटी त्या मुलांतलाच एक, घोटावड्याचा नव्वद किलोचा गडी माझ्याकडे आला. "मॅडम, गाडीत कायबी खोट न्हाई. तिलाच झेपत न्हाई. उद्यापासनं मी चालवतो." ती हातातला पाना फडक्यानं पुसत राहिली. तीन वर्षं त्या सीटसाठी राबलेली पोर, आणि सीट हातची जायला निघाली होती.

म्हटलं, माझ्यासमोर माप घ्या. बघते तर काय, गडी ऐटीत गाडीत बसलेला आणि ती खाली उकिडवी बसून चाकं जुळवतेय! का, तर तिच्याइतकं बारीक काम कुणालाच जमत नाही. गाडी वजनानं जितकी दबते, तशी चाकांची तोंडंही फिरतात. म्हणजे गाडी लावायची याच्या वजनाला आणि चालवायची हिनं. मला इतकं हसू फुटलं की शेजारच्या टायरवरच बसले.

आबा, पिरंगुटच्या रस्त्यावरची आपली चाकं जुळवायची शेड तिथं लख्ख दिसली मला. एक साहेब गाडी सोडून समोर चहाला निघालेत आणि तुम्ही त्यांना हाताला धरून परत आणताय. "बसा साहेब. ज्यानं चालवायची त्यानं बसायचं. रिकाम्या गाडीचं माप घिऊन काय करू मी?" मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, अंगात शहाणपण मावत नव्हतं. चारचौघांत म्हणाले, "आबा, असलं काही नसतं. उगाच ताटकळवता लोकांना." साहेब हसले. तुम्ही एवढंच म्हणालात, "व्हय बाई, तुमी शिकलेल्या." त्यानंतर मी शेडमध्ये असले की तुम्ही गिऱ्हाइकाला हळूच कानात सांगायचात, बसा म्हणून. ते बघून मला वाईट वाटायचं, पण तोंड उघडत नव्हतं.

आज मी तिला सीटवर बसवलं आणि पाना गड्याच्या हातात दिला. ती बसल्यावर गाडी कमी दबली आणि चाकं ठरवल्याच्या दुप्पट फाकलेली निघाली. "आयला, हे तर लई उघडलंय!" गडी ओरडला. मग वाद. त्याला वळणात चपळ गाडी हवी, तिला हाताशी राहणारी. "चालवणार कोण?" मी विचारलं. "ठरलं होतं त्याच्याही निम्म्यावर आण," ती म्हणाली. त्यानं निमूट आणलं. आणि मग कॉलेजमागच्या डांबरी पट्ट्यावर ती अशी सुटली, आबा, हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले! सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता तो गडीच. मीही वय विसरून उड्या मारल्या. तिची सीट आता कुणी काढत नाही.

"मॅडम, हे कुठल्या पुस्तकात हाय?" गड्यानं विचारलं. मी कपाटातून माझंच कॉलेजचं पुस्तक काढलं. चालवणाऱ्याला जागेवर बसवूनच माप घ्यावं, असं त्यात स्वच्छ छापलंय, आणि त्या ओळीखाली माझी पेन्सिलची रेघ आहे. तिसऱ्या वर्षाची. म्हणजे मी ते वाचलं होतं, तुम्ही चांगले धडधाकट असताना. त्याच दिवशी जेवताना तुम्हाला सांगणार होते. तुम्ही ताटावर बसता बसता विचारलंत, "काय शिकवलं आज?" आणि मी म्हणाले, "काही विशेष नाही."