दीड एकराचा अश्वनिवास

१२ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी ७.१०
ठरलं. निवृत्तीनंतरचे चार महिने नुसते पेपर वाचण्यात गेले. आता मंद्रूपच्या आपल्या दीड एकरात घोड्यांचं हॉस्टेल काढायचं. इंग्रजीत याला लिव्हरी यार्ड म्हणतात. ज्याच्याकडे घोडा आहे पण जागा नाही, त्याने घोडा आपल्याकडे ठेवायचा, आपण सांभाळायचा. लागतं काय, तर गवत, आणि ते आपोआप उगवतं. काल जाऊन पाहिलं, गुडघ्यापर्यंत आलंय. त्यात उताणा पडून राहिलो. शर्टभर कुसळं लागली, पण व्हिजन आली.

नेटवर दिलंय, एका घोड्याला एक एकर पुरतं. शकुंतलेने विचारलं, कुठल्या देशातला एकर? बायकोला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. एकर सगळीकडे एकरच असतो. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय.

१६ सप्टेंबर
तारेचं कुंपण झालं, घोड्यांसाठी एक शेडही उभी राहिली. पत्र्याचा बोर्ड रंगवून आणला. 'अश्वनिवास. खाजगी कुरण. शेळ्या-मेंढ्यांना सक्त मनाई.' 'सक्त' हा शब्द पेंटरचा. मी फक्त हो म्हणालो.

एक छोटी अडचण आहे. दरवर्षी पाऊस सरला की येडू आणि केराबाई या नवराबायकोची मेंढरं आपल्या रानात चरतात आणि तिथेच मुक्कामाला बसतात. त्यांना गवत मिळतं, रानाला खत. वडिलांपासूनची पद्धत. या श्रावणात केराबाईने विचारलं तेव्हा मी 'या की' म्हणालोसुद्धा. पण तेव्हा व्हिजन आलेली नव्हती.

समाधान एवढंच की केराबाईला वाचता येत नाही. म्हणजे बोर्डाचं तिला वाईट वाटणार नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
केराबाई आली, मागे येडू आणि मेंढरं. मी शेडच्या मागे होतो, पण तिथून माझे पाय दिसत असावेत. तारेला हात लावून विचारलं, "आवंदा तारा लावल्या व्हय सर?" मी सांगितलं, गवताचा सरकारी प्रयोग आहे, वरून ऑर्डर आलीय. तोंडातून निघून गेलं. तिने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "सरकारचं हाय म्हंजे काय बोलावं," म्हणाली आणि मेंढरं नाल्याकडे वळवली. एक कोकरू तारेतून आत डोकं घालून उभंच होतं. येडूने ते उचलून खांद्यावर घेतलं.

घरी जेवण गेलं नाही. म्हणजे तिसरी भाकरी गेली नाही.

संकल्प: उद्या जाऊन खरं सांगायचं.

२३ सप्टेंबर
स्कूटर पंक्चर.

२४ सप्टेंबर
पंक्चर निघालं. पण आता दोन दिवस झाले, विषय पुन्हा काढणं बरं दिसत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार
अश्वनिवासात पहिला प्रवेश. शेवंती, वय चौदा, फिकट पिवळा रंग. आधी वरातीला जायची. बँडवाला विकायला निघाला तेव्हा डॉ. भार्गवीने घेतली. भार्गवी दातांची डॉक्टर, सोलापुरात सात रस्ता चौकात दवाखाना. दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला पुण्याला चाललीय. निघताना शेवंतीच्या गळ्यात पडून रडली. "काका, बाकी काही नको, तिचे हाल होऊ देऊ नका." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. दर रविवारी फोटो पाठवायचं कबूल केलं.

फार भरून आलं. आपल्यावर कुणी इतका विश्वास टाकून बरीच वर्षं झाली होती.

६ ऑक्टोबर, रविवार
घोडा दिवसातले सोळा तास खातो. हे नेटवर दुसऱ्या पानावर होतं. मी पहिलं पान वाचलं होतं.

आज हिरव्यागार गवतात शेवंतीचे एकोणीस फोटो काढले. एक भार्गवीला पाठवला. अठरा शिल्लक आहेत. का ठेवले ते सांगता येणार नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार
रोटेशनल ग्रेझिंग सुरू केलं. दोरी बांधून रानाचे चार भाग करायचे, जनावराने एका वेळी एकाच भागात चरायचं. शेवंतीने दुपारच्या आत चारही भाग पाहून घेतले. दोरीही चाखली.

फोटो काढावा असं आता रान राहिलेलं नाही. गेल्या रविवारचा चार नंबरचा पाठवला.

१८ ऑक्टोबर
गवत संपलं. पुन्हा उगवायची वाट पाहतोय. उगवत नाही.

मंद्रूपच्या बाजारात कडब्याची चौकशी केली. कडबेवाला संगप्पा माझाच विद्यार्थी निघाला, अठ्ठ्याण्णवची बॅच. म्हणाला, "नवा कडबा आता ज्वारी निघाल्यावरच की सर, शिमग्याच्या टायमाला. आन् गवताचं म्हंता तर तुमीच शिकिवलं हुतं, सोलापूर पर्जन्यछायेत हाय म्हून. मला पेपरात आल्तं ते." आसपासच्या दोन गिऱ्हाइकांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

जुना, काळपट कडबा घेऊन आलो. शेवंतीने वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. केराबाईने पाहिलं होतं तसंच.

२० ऑक्टोबर, रविवार
फोटो नंबर नऊ पाठवला. भार्गवीचं उत्तर: 'काका, तुमच्यामुळे मी इथे निवांत झोपते.'

मी झोपत नाही. पण फोटो खोटा नाही. शेवंती खरी आहे, गवत खरं होतं.

२६ ऑक्टोबर
शेवंतीच्या बरगड्या मोजता येतील इतक्या दिसतात. मोजल्या नाहीत.

संकल्प: भार्गवीला फोन करून सगळं सांगायचं. फोन हातात घेतला. ट्रेनिंगमध्ये व्यत्यय नको म्हणून ठेवला. तसा तो तासभर हातातच होता.

२ नोव्हेंबर
भार्गवी दिवाळीला येणार होती, ऐनवेळी रद्द झालं. देवाचे आभार मानले. मग देवाचीच लाज वाटली. फराळाच्या ताटातली करंजी शेवंतीला नेली. शकुंतला म्हणाली, घोडीचा उपास करंजीने सोडवताय का?  

६ नोव्हेंबर
मोठी बातमी. शेवंती सुधारतेय. चार दिवसांत अंगावर जरा चकाकी आलीय, पोट भरलेलं दिसतं. कडबा शेवटी मानवला. मी उगीच स्वतःला दोष देत होतो. शास्त्रशुद्ध पद्धतीला वेळ लागतोच.

७ नोव्हेंबर, दुपारी ३
सकाळी गेलो तर शेवंती नाही. फाटकाजवळची तार वाकलेली.  भार्गवीला काय सांगणार, फोटो नंबर तेरा? चार तास उन्हात हिंडलो. शेवटी नाल्याकाठी केराबाईच्या मेंढरांत दिसली. त्यांचं सामान वाहणाऱ्या तट्टाशेजारी उभी राहून घमेल्यातले भिजवलेले हुलगे खात होती.

येडू म्हणाला, "उपाशी हुतं की वो जनावर. चार दिस झालं येतंया. सकाळच्याला आमीच आनून सोडत हुतो, तुमी यायच्या आदी. आज जरा उशीर झाला."

कालची नोंद खोडायला घेतली होती. राहू दे.

८ नोव्हेंबर
शेवंतीला बाहेरच्या केंद्रात हलवलं. येडू आणि केराबाईला अश्वनिवासचे फीडिंग पार्टनर नेमलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
रोज नाल्याकाठी जातो. शेवंती पुढे, मेंढरं मागे, अशी चाल असते. केराबाई चहा देते. सरकारी प्रयोगाचं विचारत नाही, बोर्डाचं विचारत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिचा चहा प्यायची लाज वाटते, आणि तो उरवलाही जात नाही.

संकल्प: माफी मागायची. मनात तालीमही केली. मी म्हणणार, चुकलो. ती म्हणणार, असू द्या सर. मी म्हणणार, नाही नाही. ती म्हणणार, तुमी मोटी मानसं. मग चहा. आज मागणारच होतो, पण एका मेंढीचा पाय मुरगळला आणि सगळे तिकडे धावले.

फोटो नंबर चौदा.

२४ नोव्हेंबर, रविवार
सकाळी फोटो नंबर पंधरा पाठवला आणि अकराला भार्गवी समोर हजर. ट्रेनिंग लवकर संपलं. न सांगता आली, मला सरप्राइज म्हणून. उघडं रान, वाळका कडबा, बोर्ड आणि मी. तिच्या पिशवीत गाजरं होती. "काका, शेवंती?" एवढंच म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

नाल्याकाठी नेलं. शेवंती गुबगुबीत झालेली. भार्गवीने तिच्या मानेत तोंड खुपसलं. मग विचारलं, ही इथे कशी? मी तोंड उघडण्याआधी केराबाई बोलली, "सरांनीच आनून सोडली की. म्हनले, रानात गवत ऱ्हायलं न्हाय, तुमच्यात घ्या." भार्गवीने माझे दोन्ही हात धरून आभार मानले. मी हात सोडवून घेतले नाहीत.

मग तिला आठवलं. "पण काका, आज सकाळचा फोटो?" मी केराबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "फोटूचं तेवडं सरास्नीच इचारा."

सांगितलं. फोटो सगळे एकाच दिवसाचे आहेत, आणि शेवंती स्वतःच्या पायाने इथे आली, मी पाठवली नाही.  भार्गवीने शेवंतीला केराबाईकडेच ठेवायचं ठरवलं. जाताना म्हणाली, "येते, गंगाधर सर." काका म्हणाली नाही.

३० नोव्हेंबर
तारा काढल्या. येडूला सांगितलं, मेंढरं बसवा. खायला काडी नाही, पण पुढच्या वर्षासाठी खत तरी होईल. आले बिचारे.

कोकरांच्या कोंडीला दार हवं होतं. येडूने बोर्ड मागितला. दिला. केराबाईने पदराने धूळ पुसली आणि कुठेही न अडखळता वाचलं, "अश्वनिवास. खाजगी कुरण. शेळ्या-मेंढ्यांना सक्त मनाई."

 ती येडूला म्हणाली, "अक्षरं भायेर ठेव. कोकरांनी वाचाय नगं." मग मला म्हणाली, "चौथीपातुर साळंत गेल्ती मी. मंद्रूपच्याच."

म्हणजे पहिल्या दिवशीच वाचलं होतं. आणि तरी हुलगे भिजवले.

१ डिसेंबर, रविवार
सकाळी सातलाच गेलो. मी म्हणालो, केराबाई, चुकलो.

ती म्हणाली, "व्हय."

मी थांबलो. पुढे काहीतरी येईल असं वाटत होतं. तेवढंच होतं. मग तिने एक कोकरू माझ्या हातात दिलं, "धरा जरा," म्हणाली आणि घागर घेऊन पाण्याला गेली. ती येईपर्यंत मी ते धरून उभा होतो.