शिडीच्या गाडीची जागा

४ मार्च
सात महिने एक ओळ लिहिली नाही. स्वतःची माफी मागतो. कामाचा ताण होता. (खरं लिहायचं ठरलंय, तर: आळसही होता.)
आज आपल्या फायर स्टेशनसाठी नियमांचा तक्ता केला. लॅमिनेटही केला.
एक : जळत्या इमारतीसमोरची जागा शिडीच्या गाडीची. तिथे दुसरं कोणतंही वाहन नको.
दोन : भिंतीच्या उंचीच्या दीडपट लांब राहा.
तीन : शिडी उभारताना गाडीला आधार देणारे जॅक गटाराच्या झाकणावर टेकवू नका.
शिडीच्या गाडीचा ड्रायव्हर, पैलवान, वाचून म्हणाला, साहेब, हे मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मला आठवत नाही. निदान अक्षर माझं आहे.

९ मार्च
सराव. सर्वांत आधी मीच पोचलो. जीप अगदी समोर लावली. अधिकाऱ्याला सगळं दिसायला हवं. मागून पैलवान सारखा हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, सलाम. म्हणाला, साहेब, नियम एक! मी समजावलं की नियम कामाच्या गाड्यांना आहे. हा अहंकार तर नाही? जेवताना विचार केला. थोडा आहे. बायको म्हणाली, दवाखाना असो की बँक, तुम्हाला गाडी दारातच लागते. फक्त पायऱ्या चढवायची राहिलीय.
संकल्प : पुढच्या वेळी जीप कोपऱ्यापलीकडे.

१६ मार्च, दुपारी ३
गादी कारखान्याला आग. चार मजले. उद्या लिहीन.

१७ मार्च
काचा बंदुकीच्या गोळ्यांसारख्या फुटत होत्या. जळता फोम वरून ठिबकत होता. एका जवानाच्या हेल्मेटवर पडला तसा तो किंचाळत जमिनीवर लोळला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत दोन कामगार. एकाचा शर्ट पेटलेला.
जीप समोर होती. घाईत संकल्प आठवला नाही, आणि किल्ली धुरात कुठे पडली कळेना.
पैलवानाने माझ्याकडे बघून जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. त्याने शिडीची गाडी बाजूच्या गल्लीत घातली, भिंतीला खेटून. एक जॅक गटाराच्या झाकणावर. त्यालाही दिसत होतं. दोघांना खाली आणलं. मग झाकण फुटलं, गाडी कलली, शिडी भिंतीवर आदळली आणि भिंत त्याच्या अंगावर आली. आम्ही हातांनी विटा उपसल्या. माझी नखं निघाली. त्याचा पाय विटांखाली नुसता लगदा होता.
जीपला ओरखडाही नाही. नोंद म्हणून लिहितो : माझं अंतर अचूक होतं.

१९ मार्च
पाय गुडघ्याखाली कापला.
चौकशी लागली. प्रश्न एकच : झाकणावर जॅक टेकवून ड्रायव्हरने नियम का मोडला? सिद्ध झालं तर बडतर्फ, पेन्शनही नाही. अहवाल माझ्याकडे. नकाशा प्रमाणात काढला; गटार, खांब, खिडक्या, सगळं. जीप दाखवली नाही. नकाशात गर्दी होते. सोबत माझा तक्ता जोडला.
हे खोटं आहे का? खोटं एक अक्षर नाही. तीनदा तपासलं.

२१ मार्च
पैलवानाला भेटायला हॉस्पिटलात गेलो. त्याच्या सहीसाठी नकाशा नेला होता. त्याने बराच वेळ बघितला. म्हणाला, साहेब, झकास काढलाय. खांबावरचा दिवासुद्धा आहे. जीप कुठाय?
मी प्रमाणाबद्दल बोलू लागलो. तेवढ्यात त्याची बायको धापा टाकत वर आली. म्हणाली, भाऊजी, खाली तुमचीच जीप आहे ना? काढा आधी. अगदी दारात लावलीय, ॲम्ब्युलन्स आत येत नाहीये. लोक काच फोडायला निघालेत.
पैलवान हसला. हसताना टाके ओढले गेले आणि तो कळवळला. मी जिना उतरलो. काच फुटलेली होती. कोणावरही रागावलो नाही.

उद्या : नकाशात जीप दाखवणे. पेन्सिलने.