लेकीच्या हातचं पाणी

अंजनगाव सुर्जी,
२१ एप्रिल २०२५

वर्षाताई,

नमस्कार. तुमचं, भाऊजींचं बरं असेल. आकांक्षाची परीक्षा संपली असेल, पेपर कसे गेले ते विचारत नाही, पोरींना तो प्रश्न आवडत नाही.

फोन तुम्ही उचलत नाही त्याचा मला राग नाही. मोबाइलवर लिहिलं असतं, पण मग तुम्ही वाचल्याची निळी खूण दिसते आणि माणूस उत्तराची वाट पाहत बसतो. कागद बरा. तुमच्या भावाला हे पत्र माहीत नाही. पोस्टात मीच टाकणार आहे.

इकडे सगळं ठीक आहे. कपिला व्याली, कालवड झाली. हरभरा बरा झाला, तुमच्यासाठी डाळ करून ठेवली आहे. कुरडया घातल्या. तुमच्यासारख्या पांढऱ्या होत नाहीत, पण खाणारे खातात. यंदा संत्री मात्र पाठवता येणार नाहीत. त्याचं पुढे लिहिते.

तुमच्या बाबांची, मामाजींची, तब्येत चांगली आहे. जेवतात, पहाटे उठतात, शेतात जातात. कधी दोनदा अंघोळ करतात. उन्हाळा आहे, तर बिघडलं काय? असं मी यांना सांगते.

ताई, मी उगाच गोल फिरते आहे. दिवाळीत तुम्ही बोललात ते खरं होतं.

भाऊबीजेच्या दिवशी मामाजींनी तुम्हाला "कवा आली व माय?" असं पुन्हा पुन्हा विचारलं. तुम्ही म्हणालात, बाबांना अकोल्याला डॉक्टरकडे नेते. तेव्हा हे कसे अंगावर आले तुमच्या! "चांगल्या मानसाले येडं ठरवून राहिली का तू?" ओवाळणीचं ताट तसंच पाटावर ठेवून तुम्ही बॅग उचललीत. मी दारापर्यंत आले, पण हात धरून थांबवलं नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले. आमच्यासारख्या बायकांची सवय तुम्हाला ठाऊक आहे.

मग डिसेंबर लागला. नेहमीप्रमाणे मामाजींनी संत्र्याच्या बगीच्याचं पाणी तोडलं, झाडं ताणावर सोडली. झाड तहानलं की पुढे पाणी मिळताच फुलानं लदबदतं, हे तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही त्या बगीच्यातच वाढलात. ताण कधी तोडायचा, पहिलं पाणी कधी सोडायचं ते मामाजींनीच सांगायचं. त्यांनी नखानं काडी खरवडायची, दुपारची पानं पाहायची आणि म्हणायचं, "बोलवा वर्षीले." संक्रांतीच्या आगेमागे तुम्ही यायच्या. मधल्या झाडाला कुंकू लावायच्या, नारळ फोडायच्या, मोटारीचं बटन दाबायच्या. लग्न झाल्यावरही एक वर्ष चुकलं नाही. मी नवी होते तेव्हा मला थोडा मत्सरही वाटायचा. वर्षभर शेण-पाणी करायचं सुनेनं आणि पहिलं पाणी मात्र लेकीच्या हातचं!

यंदा संक्रांत आली आणि गेली. मामाजी रोज सकाळी बगीच्यात जायचे, काडी खरवडायचे, फाटकाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "आजून नाई."

पानं वळली. मग पिवळी पडली. मग झाडाखाली पायाशी कुरकुर वाजायला लागली. हे रोज विचारायचे, "बाबा, सोडू का पानी?" ते म्हणायचे, "आजून नाई. कालच त तोडलं." कालच! फेब्रुवारीचं ऊन तापलं होतं, ताई.

मी एकदा म्हटलं यांना, अहो, झाडं मरतील, तुम्हीच सोडा. तर म्हणाले, "बाप हाय तो माहा. त्याच्या शब्दाबगर या बगीच्यात कोनी पानी सोडलं नाई." आणि मग हळूच म्हणाले, "म्या सोडलं त ताईचं म्हननं खरं झालं न." तेव्हा मला कळलं, हा माणूस झाडांशी नाही, तुमच्याशी हट्ट करतो आहे. बापाचं डोकं ठिकाणावर आहे, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. मला चीड आली आणि त्याच वेळी रडूही आलं. बटन मीही दाबू शकत होते. नाही दाबलं.

महाशिवरात्रीनंतर यांनी मामाजींना न सांगता मोटार सुरू केली. फार उशीर झाला होता. काही झाडांनी चार पानं फोडली आणि तीही टाकली. खोडांतून डिंक वाहायला लागला. तुमच्या जन्माआधी लावलेली पूर्वेकडची ओळ सगळ्यात आधी वाळली.

मागच्या आठवड्यात जेसीबी आणला. बगीचा राहिला नाही, ताई. हेच लिहायचं होतं आणि हेच मी कालवडीपासून लांबवत आले.

मामाजी गोठ्यापाशी बाजेवर बसले होते. आवाज ऐकून मला म्हणाले, "कोनाचा बगीचा तोडून राहिले व? लेकरावानी वाढवला असन बिचाऱ्यानं." मी म्हटलं, शेजारच्यांचा. हे बाजूलाच उभे होते. तसेच गोठ्यामागे गेले आणि हुंदके देऊन रडले. मी आजवर यांना रडताना पाहिलं नव्हतं, यांची आई, आत्याबाई गेल्या तेव्हाही नाही. तेव्हापासून हे बापासोबत जेवत नाहीत. ताट घेऊन ओसरीत बसतात आणि अर्धं तसंच ठेवून उठतात. मी यांना एकटं सोडत नाही. मला भीती वाटते.

अजून एक आहे. ते लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

मामाजी आता मला वर्षा म्हणतात. पहिल्यांदा मी म्हटलं, मी रागिणी. त्यांचा चेहरा इतका उतरला की पुढच्या हाकेला मी ओ दिली. आता रोजच देते. परवा सकाळी ते नेहमीसारखे शेतात निघाले, मीही सोबत गेले. मोकळ्या जमिनीत झाडांचे नुसते खड्डे. ते मधल्या खड्ड्यापाशी थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि हसले. किती दिवसांनी हसले! "आली व माय!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, पाणी सोडू?"

"सोड न माय! मले काहून इचारतं? कवाचा तुही वाट पाहून राहिलो. झाडं सुकून राहिले न."

ताई, ते विसरले होते की वाट पाहत होते, मला खरंच माहीत नाही. रोज फाटकाकडे कशाला पाहतात, हे आम्ही कोणी विचारलं नाही. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुम्हाला आम्हीच घालवलं. पण हे एकटीच्या पोटात ठेवून मला झोप येत नाही.

मी मोटार सुरू केली. पाणी आलं. एकेक खड्डा भरत गेला. मोटारीचा आवाज ऐकून हे धावत आले, बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बंद कर म्हणाले नाहीत. तिथेच मातीत बसले. मामाजी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पाय, वर्षी आली. आता फुटते बहार."

या, ताई. अकोला काही विलायत नाही. पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी या. त्यांना तुमचं नाव आठवतं, तोंड आठवेल की नाही ते सांगवत नाही. फाटकातून तुम्ही आत आलात आणि ते माझ्याकडे वळून "वर्षे" म्हणाले, तर त्या दिवशी मी ओ देणार नाही. घरात निघून जाईन.

पण लवकर या. रोज ओ देऊन देऊन मला सवय व्हायला लागली आहे.

तुमची हाक सांभाळून असलेली,
रागिणी