एका पडवीत दोन कंपन्या

बाबा, आधी आला तो थोरला जावई. मस्कतहून साबण, अत्तरं आणि वर टीव्हीवर खेळायचं एक यंत्र घेऊन. नातवंडांनी साबणाकडे ढुंकून बघितलं नाही. दोन दिवसांनी मुंबईहून धाकटा जावई आला, आणि बघते तर त्याच्याही हातात यंत्र, पण दुसऱ्या कंपनीचं! टीव्ही आपल्याकडे यायच्या आधीच तुम्ही गेलात. खोक्यात चित्रं हलतात, आणि या यंत्राने ती आपण हलवायची, एवढं समजा. आता आमच्याकडे खोका एकच, आणि मागे वायर लावायची जागाही एकच. त्यात एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात जाईना. धाकटा म्हणाला, "मामी, कंपन्या मुद्दाम तशी बनवतात. एकदा यंत्र घेतलं की खेळही त्यांचेच घ्यायचे. बाजार कोणाचा, यावरून जगभर मारामारी चाललीय." मी म्हटलं, "हे मला नवीन सांगता होय जावईबापू?"

मला तुमची होडी आठवली. खाडीवर दुसऱ्याने होडी घातली, आणि जाताना पैसे घेऊन येताना फुकट आणायला लागला, म्हणजे गेलेला माणूस परत त्याच्याच होडीत. मग तुम्ही उतारूंना भाजलेल्या काजूबिया द्यायला लागलात. मी वल्ह्यापाशी बसून बिया फोडतेय आणि तुम्ही ओरडताय, "खातेस किती गो! गिऱ्हाइकाला ठेव!"

पण इथे प्रकरण हसण्यावारी राहीना. थोरली म्हणाली, "आये, आमचं आधी आलं, आमचंच लागेल." धाकटी म्हणाली, "तुमच्या यंत्रातली माणसं ठिगळं लावल्यासारखी दिसतात!" झालं. दोघी बोलेनात, आणि संध्याकाळी थोरली कपडे भरायला लागली, उद्याच्या गाडीने जाते म्हणून. वर्षात एकदा मे महिन्यात दोन्ही पोरी एकत्र येतात हो, बाकी वर्षभर मी आणि कोंबड्या.

शिमग्याला देवाची पालखी खाडीपार न्यायची होती, तेव्हाही दोन्ही होड्यांची अशीच भांडणं. तुम्ही दोन होड्या शेजारी शेजारी बांधून सांगड केलीत आणि पालखी दोन्हीवर ठेवलीत. ते आठवलं, आणि मी तडक शेजारच्या चाचीकडे गेले. तिचा नवरा दुबईला, घरात टीव्ही. म्हटलं, "चाची, तुझा टीव्ही चार दिवस दे." ती म्हणते, "आणि मी काय भिंत बघू?" म्हटलं, "तू पण चल!"

पडवीत दोन टीव्ही, दोन यंत्रं, आणि वाडीतली सगळी पोरं. मग जावई बघायला हवे होते तुम्ही! थोरला मस्कतच्या गोळ्या वाटतोय, धाकटा माझेच फणसाचे गरे वाटतोय, दोघंही "इकडे या, इकडे या" करतायत. पोरं गोळी खाऊन इकडे, गरा खाऊन तिकडे. चाची निवाडा करायला बसली आणि कोणालाच जिंकू देईना. आणि थोरली, भरलेली बॅग तशीच टाकून, धाकटीच्या यंत्रासमोर मांडी घालून, "मर मेल्या, मर!" धाकटी तिला बटणं दाखवतेय, हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी.

हे पत्र टाकणार कुठे, डब्यात ठेवीन. जाताना दोन्ही जावयांनी मला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांगा, कुणाचं चांगलं? मी दोघांनाही सांगितलं, तुमचंच. आता दोघंही आपलं यंत्र घेऊन चतुर्थीच्या आदल्या दिवशी यायचं म्हणतायत.